आवाजावरचं पांघरूण

तिच्या कानांची कीर्ती ती बोलायला लागायच्या आधीची. जिन्यावर शेजारणीचं पाऊल वाजो की दूधवाल्याचं, ही ढिम्म बसून राहायची. बापाचं पाऊल वाजलं की मात्र रांगत दाराशी. शाळेत असताना घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. मामाने चिडवायला म्हणून ‘कानसेन’ म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की लग्नानंतर सामानाबरोबर तेही सासरी आलं. सासूबाईंना ते फार आवडलं. त्यांनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली, कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून देण्यात. “बरं झालं बाई आलीस,” त्या म्हणाल्या, “या घरात ऐकणारी मी एकटीच होते. माझ्या लेकाच्या शेजारी टायर फुटला तरी तो ‘काय म्हणालीस?’ असं विचारतो.”

कानसेन आधी रेडिओवर श्रुतिकांना लागणारे आवाज करून द्यायची. पिठाची पिशवी दाबली की बर्फातली पावलं, जुनी छत्री भराभर उघडमीट केली की पाखरांचा थवा. पुढे रेडिओने श्रुतिका बंद केल्या आणि छत्र्या, पिशव्या, दारांच्या कड्या घेऊन ती घरी बसली. त्याच सुमाराला विजेच्या गाड्या बनवणाऱ्या एका कारखान्याला ध्वनी विभागासाठी माणूस हवं होतं. ती मुलाखतीला गेली आणि तिथलीच होऊन गेली.

विजेच्या गाडीत आवाजाचं काय काम, असं तिला जो तो विचारी. ती सांगायची, की पेट्रोलच्या गाडीत इंजिन एवढं बडबडतं की बाकी कोणाला तोंड उघडायची सोय नसते. इंजिन काढून टाकलं की इतकी वर्षं गप्प बसलेले सगळे बोलायला लागतात. मोटरची बारीक शीळ, गिअरच्या दातांची कुईकुई, कुठल्याशा पंपाची टकटक. गिऱ्हाइकं तक्रार करायची, गाडीत डास शिरलाय. एका गृहस्थांनी तर खरोखरच गाडीत डासांचं औषध फवारून घेतलं होतं आणि वर त्याचं बिल कारखान्याला पाठवलं होतं.

हे आवाज मुळातूनच घालवायचे तर गिअर नव्याने घडवायला हवेत, जाड अस्तरं लावायला हवीत. त्यात वजनही वाढतं आणि खर्चही. त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे गाडीतल्या स्पीकरमधून दुसराच एखादा गोड आवाज सोडायचा आणि खालचा आवाज त्यात बुडवायचा. हे कानसेनचं काम.

“म्हणजे कापडावर डाग पडला की त्यावर फूल भरायचं,” तिने सासूबाईंना समजावलं.

“आणि डाग?”

“डाग दिसत नाही ना मग.”

“दिसत नाही गं,” सासूबाई म्हणाल्या, “पण असतो की.” आणि हसून त्यांनी पेपर उघडला.

तिने तो आवाज मोठ्या हौसेने घडवला. रिकाम्या बरणीच्या तोंडावर घातलेली फुंकर, उलट्या ठेवलेल्या सायकलचं फिरतं चाक, जाड तारेवर गज ओढून काढलेला खर्ज. गिअरची शीळ ज्या सुरात असायची त्याच्या खाली आणि आजूबाजूला तिने आपले सूर असे बसवले की ती शीळ एकटी उघडी पडेना. घोळक्यातलीच एक होऊन जायची. विभागात त्याला सगळे ‘पांघरूण’ म्हणू लागले. आणि मग तिला खरी युक्ती सुचली, जिच्यासाठी साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. पांघरूण एकाच जाडीचं कशाला? गाडीत एक लहानसा मायक्रोफोन ठेवायचा. त्याने सतत कान देऊन राहायचं. कुठलाही एकसारखा टोचणारा सूर सापडला की पांघरुणाने आपणहून त्याच्याभोवती सूर विणायचे, आणि तो वाढला की आपणही जाड व्हायचं. माणसाला हात लावायला नको.

विभागाच्या साहेबांना पाठीमागे सगळे ‘शांतिदूत’ म्हणत, कारण कोणी आवाज चढवला की ते दोन्ही हात पसरून “शांत, शांत” म्हणायचे. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट बिघडलेली बघवत नसे, आणि म्हणून ते बघत नसत.

त्याच वर्षी सासूबाईंची फुप्फुसं थकली. आधी जिना चढताना दम लागायचा, मग नुसतं वेणी घालताना. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. पलंगाजवळच्या कोपऱ्यात ते आलं, लहान कपाटाएवढं, आणि त्याची नळी सासूबाईंच्या नाकाला लागली. मशीन दिवसरात्र घरघरायचं, थोड्या थोड्या वेळाने फुस्स करून सुस्कारा टाकायचं, आणि त्या घरघरीच्या वर एक बारीक शीळही होती, जी घरात फक्त दोघींनाच ऐकू यायची.

“या मेल्याने श्वास दिला आणि झोप काढून घेतली,” सासूबाई म्हणायच्या. त्यांचे डोळे खोल गेले. दुपारी जरा पडल्या की त्या शिळेने डोकं उठायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, त्याने मशीनखाली रबराचे तुकडे घातले, मागे गादी उभी केली. काडीचा फरक पडला नाही.

तेव्हा कानसेनने ऑफिसातून पांघरुणाची एक प्रत घरी आणली. एक जुना फोन, दोन लहान स्पीकर, एक मायक्रोफोन. सगळं एका बुटाच्या खोक्यात बसवलं आणि मशीनच्या डोक्यावर ठेवलं. चालू केलं आणि खोली बदलली. घरघर होती कुठे, कळेना. सासूबाईंनी डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं.

“कशासारखं वाटतं, आई?”

“दूर कुठेतरी कोणी गाण्याआधी गळा साफ करतंय असं,” त्या म्हणाल्या. “राहू दे. छान आहे.” आणि त्या दुपारी त्या गाढ झोपल्या. नवऱ्याने स्वयंपाकघरात येऊन बायकोच्या पाठीवर हात ठेवला. “तुझ्यामुळे झोपली गं आई.” तिला त्या दिवशी जेवढं धन्य वाटलं तेवढं साहेबांच्या कौतुकानेही वाटलं नव्हतं.

कारखान्याच्या मागे चाचणीचा गोल रस्ता होता. तिथे नव्या गाड्या दिवसभर फिरवून दमवायच्या, म्हणजे काय मोडतं ते आधीच कळावं. त्या चालवणाऱ्यांत एक वयस्कर ड्रायव्हर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एके दिवशी मामांच्या गाडीचं मागचं चाक वळणावर एकाएकी जाम झालं. गाडी फिरली, गवतात जाऊन थांबली. मामांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. वर्कशॉपवाल्यांनी गिअरबॉक्स उघडला तर आत बेअरिंगचा भुगा आणि तेलात लोखंडाची चकचकीत कुसळं.

बैठकीत वर्कशॉपचा माणूस म्हणाला, “एवढं खराब झालेलं बेअरिंग बोंबलत असणार. बरेच दिवस.”

“आणि ड्रायव्हरला काही ऐकू आलं?” शांतिदूतांनी विचारलं.

“नाही म्हणतात.”

साहेबांचा चेहरा उजळला. “बघा! बेअरिंग बोंबलतंय आणि माणसाला पत्ता नाही! याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार?” टेबलाभोवती हशा पिकला. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. कानसेन हसली, कारण सगळे तिच्याकडेच बघत होते.

बाहेर पडली तर मामा वऱ्हांड्यात उभे, कोपराला पट्टी.

“मॅडम, एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचारा की मामा.”

“मला स्टिअरिंगमध्ये काहीतरी जाणवत होतं. दोन-तीन दिवस. हाताला मुंग्या आल्यासारखं. पण कानाला सगळं गोड लागत होतं. म्हणून मी म्हटलं, माझंच वय झालं.” ते जरा थांबले. “मी हातांना खोटं ठरवलं, मॅडम. तुमचा आवाज एवढा खरा वाटतो.”

ती तशीच साहेबांकडे परत गेली. पांघरुणाला मर्यादा घालूया, म्हणाली. आवाज एका हद्दीपलीकडे वाढला तर त्याने बाजूला व्हावं, खालचं ऐकू द्यावं. साहेबांनी हात पसरले. “शांत, शांत. बिघाड दाखवायला समोर दिवा आहे, तो दुसऱ्या विभागाचा विषय. आपलं काम आराम. गाडी बाजारात जायला आली आहे, आता काही हलवायचं नाही. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“पुढच्या आवृत्तीत नक्की?”

“नक्की.”

ती घरी आली. सासूबाई झोपल्या होत्या, खोक्यातून तो खर्ज मंद वाहत होता. ती दारात बराच वेळ उभी राहिली. खोकं बंद करावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बंद केलं असतं तर सासूबाई जाग्या झाल्या असत्या. गाडी वेगळी आणि हे वेगळं, असं म्हणून ती चहा ठेवायला वळली.

पुढे काही आठवड्यांनी ते घडलं. त्या दिवशी तिला सुट्टी होती आणि नवरा कामावर. जेवणं उरकल्यावर सासूबाई आत पडल्या, दार पुढे ओढलेलं. ती बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. ऊन खिडकीतून जमिनीवर पसरलं होतं. आतून पांघरूण ऐकू येत होतं, आणि आज ते काही वेगळंच होतं. खर्ज भरून आला होता. मधले सूर एकमेकांत मिसळून दाट झाले होते. आणि सगळ्यांच्या वर एक नवाच सूर उभा होता, बारीक, स्वच्छ, न थरथरता लांब ताणलेला. हा सूर तिने दिलेला नव्हता. आपण केलेल्या वस्तूने आपल्याला न विचारता एवढं सुंदर काही करावं, याचं तिला नवल वाटलं. हातातला टॉवेल तसाच मांडीवर राहिला. ती ऐकत राहिली. एकदा ती स्वतःशीच “वा” असंही म्हणाली.

मग राहिलेल्या घड्या झाल्या, आणि सासूबाईंचे कपडे त्यांच्या कपाटात ठेवायला तिने दार ढकललं.

सासूबाईंची मान भिंतीकडे वळलेली होती. एक हात पलंगाबाहेर लोंबत होता आणि त्याची नखं निळी पडली होती. ओठही. मशीनवर लाल दिवा जळत होता. तिने हातातलं सगळं टाकलं आणि का कोण जाणे, आधी खोक्याची वायर खेचली.

पांघरूण गेलं. आणि त्याच्याखाली मशीन कोरडं खडखडत होतं, हवा ओढायची आणि काहीच द्यायचं नाही असं. आणि त्याची धोक्याची शीळ जिवाच्या आकांताने वाजत होती. एकसारखी, बारीक, न थरथरणारी. वरचा तो सूर.

पलंगाखाली अडचणीला असावा म्हणून एक लहान सिलेंडर ठेवलेला होता. त्याची चावी तिला फिरेना. फडक्यात धरून, दातओठ खाऊन फिरवली. नळी तिकडे जोडली. “आई! अहो आई! डोळे उघडा!” फोनवर तिने पत्ता सांगितला तो तिला स्वतःला ऐकू आला नाही, कारण मशीन अजून ओरडत होतं आणि ते बंद करायचं तिला सुचलंच नव्हतं.

सासूबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या. पण मेंदूला काही काळ हवा कमी पडली होती, त्याने जे न्यायचं ते नेलं. ज्या बाईला निम्म्या गावाचे फोन नंबर तोंडपाठ होते, तिला आता साधे शब्द सापडेनात. चमचा हवा असला की हात गोल गोल फिरवायच्या, “ते गं... ते, ढवळायचं,” आणि मग रागाने उशीवर मूठ आपटायच्या.

मशीन दुरुस्त करायला कंपनीचा माणूस आला. आतली झडप फुटली होती. ती बदलता बदलता तो अगदी सहज म्हणाला, “पण याची शीळ तर तीन घरं सोडून ऐकू जाते हो. घरात कोणी नव्हतं का?”

तो गेल्यावर नवरा म्हणाला, “मला ऐकू आलं नसतं हे मान्य. पण तू...” आणि तिथेच थांबला. त्या थांबण्याने जे झालं ते तो पूर्ण बोलला असता तरी झालं नसतं. त्याने तिच्यापाठोपाठ स्वयंपाकघरात येऊन माफी मागितली, परत परत मागितली. ती मान हलवून “असू दे” म्हणत राहिली.

सासूबाईंनी त्या दिवसाबद्दल बरेच दिवस काही विचारलं नाही. शब्द थोडे परतायला लागले तेव्हा एका सकाळी सून त्यांचे केस विंचरत असताना त्या म्हणाल्या, “मी... हाक मारली होती.”

कंगवा थांबला.

“तुला. कानसेन, म्हणून.” त्यांनी धाप टाकली. “मोठ्याने मारली. म्हणजे जमेल तेवढी. तुझं ते... ते गाणं... मोठं मोठं होत गेलं. मी ओरडले की ते मोठं.” त्या आरशातून सुनेकडे बघत होत्या. नजरेत राग नव्हता. एखादी गोष्ट नीट सांगितली गेली ना, एवढंच त्या बघत होत्या.

आता मशीन उघडंच चालायचं. सासूबाईंना झोप कमी लागायची, डोकं दुखायचं. पण सुस्कारा जरा लांबला की दोघी एकदमच मान वळवायच्या.

ऑफिसात परत गेल्यावर ती सरळ साहेबांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. शांतिदूतांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खरंच विचारलं, आईंना कसं आहे, काही मदत हवी का. मग म्हणाले, “पण बघा, ते मशीन होतं, आणि आपली ही गाडी. तुम्ही घरी नेऊन वापरायला नको होतं. हे मी वर कळवणार नाही, काळजी करू नका.”

“मला तुम्ही वर कळवायलाच हवं आहे, सर.”

“शांत, शांत.”

ती शांत झाली नाही. ती वरच्या साहेबांकडे गेली, त्यांच्याही वरच्यांकडे गेली. मामा तिच्याबरोबर आले, टोपी हातात धरून उभे राहिले, आपल्याला जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. शेवटी मर्यादा घालायचं ठरलं. पण ती कुठे घालायची यावर दोन समित्या बसल्या, आणि ती एवढी उंचावर घातली गेली की तिथपर्यंत आवाज पोहोचेस्तोवर गाडीत ऐकण्यासारखं काही उरलंच नसतं. तीही पुढच्या आवृत्तीत. आधीच्या गाड्या बाजारात गेल्या होत्या आणि खपत होत्या. जाहिरातीत एक बाई डोळे मिटून मागच्या सीटवर बसलेली होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘ऐकू येतो तो फक्त आराम’.

नोकरी सोडून दे, नवरा म्हणाला. तिने सोडली नाही. आत राहून ती मर्यादा खाली ओढता येईल, बाहेर जाऊन काय, असं तिचं म्हणणं. विभागात लोक तिच्याशी चांगले वागत, फक्त तिच्यासमोर हसताना जरा जपून हसत.

हिवाळ्यात सासूबाईंना तपासणीला न्यायचं होतं. टॅक्सी बोलावली, दारात आली ती तिच्याच कारखान्याची गाडी. नवरा हातात लहान सिलेंडर घेऊन पुढे बसला, दोघी मागे. दार लागलं आणि रस्ता बाहेर राहिला. आत तो खर्ज सुरू झाला. सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

“हा आवाज बंद होतो का हो?” कानसेनने ड्रायव्हरला विचारलं.

“कुठला?” तो म्हणाला. “आवाज नाहीच आहे ना बाई, हीच तर मजा आहे या गाडीची. सकाळपासून फिरतोय, डोकं दुखत नाही.”

“कधी काही वेगळं वाटलं? चालवताना?”

“छे. लोण्यासारखी जाते.”

पुलाच्या चढाला गाडी लागली, आणि पांघरूण दाट व्हायला लागलं. खर्ज भरून आला. मधले सूर वर चढले. चढावर मोटरला जोर लागतो, शीळ वाढते, पांघरूण वाढतं. हे असंच व्हायला हवं, तिनेच तसं केलं होतं. चढ संपला. गाडी सपाटीला आली. ती वाट बघत राहिली, आता पांघरूण उतरेल, आता उतरेल. ते दाटच होत गेलं.

“गाडी बाजूला घ्या,” ती म्हणाली.

“इथे? पुलावर थांबता येत नाही बाई.”

“अगं, काय झालं?” नवऱ्याने मागे वळून विचारलं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. सिलेंडरवरचा काटा खाली येत होता, आणि हॉस्पिटल पुलाच्या पलीकडे होतं.

“काही नाही हो,” ड्रायव्हर आरशात बघून हसला. “पूल उतरलो की पोहोचलोच.” आणि त्याने वेग वाढवला.